जुनी कंट्री गाणी : ऐकणाऱ्यांचे आणि वाजवणाऱ्यांचे प्रश्न

जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यांवर पत्रं मागवली, तेव्हा बहुतेक वाचक आवडत्या गायकांची नावं कळवतील असं वाटलं होतं. आलेली पत्रं मात्र कामाची निघाली: हा आवाज कसा लावतात, ही तबकडी कशी धुवायची, हे दोघं खरंच एकत्र गायले का. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : जिम रीव्ह्‌ज यांची गाणी म्हणतो. खालचे सूर लागतात, पण आवाज घशात अडकल्यासारखा आणि जड येतो. त्यांचा मऊपणा कशात आहे?

उत्तर : तो मऊपणा गळ्याइतकाच अंतरात आहे. रीव्ह्‌ज सुरुवातीला असे गातच नव्हते. १९५३ चं 'मेक्सिकन जो' ऐका, आवाज मोकळा आणि चढा आहे, लांबवर फेकलेला. १९५७ च्या 'फोर वॉल्स'मध्ये ते मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन हळू गायले, आणि १९५९ मध्ये नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओत निर्माते चेट ॲटकिन्स यांच्या देखरेखीखाली 'हील हॅव टू गो' ध्वनिमुद्रित झालं तेव्हा ही पद्धत पुरती मुरली होती. त्या गाण्यातला माणूस फोनवर बोलतो आहे आणि पलीकडे तिच्याजवळ दुसरा कुणी बसला आहे. असा माणूस आवाज चढवणार नाही. गाण्याची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

तुम्ही खर्ज मिळवण्यासाठी गळा खाली दाबत असणार, त्यामुळे आवाज जड होतो. एका दिशेचा आवाज घेणारा मायक्रोफोन तोंडाजवळ आणला की खालचे सूर तो स्वतःच फुगवतो, गळ्याला ते काम करावं लागत नाही. मायक्रोफोन ओठांपासून ५ ते ८ सेंटिमीटरवर ठेवा, पण नाकासमोर धरू नका. थोडा बाजूला वळवा, म्हणजे 'प' आणि 'ब' फुटणार नाहीत. ध्वनिमुद्रणाची पातळी कमी करा. मग पहिली ओळ फोनवर बोलतो तशी नुसती बोला आणि तेवढ्याच आवाजात गा. पट्टी अशी निवडा की गाण्यातला सर्वांत खालचा सूर तुमच्या तळाच्या सुरापेक्षा एखादा स्वर तरी वर राहील. तळाच्या सुरावर श्वास सुटतो आणि तिथेच माणूस गळा आवळतो. प्रतिध्वनी वाढवून मऊपणा येत नाही, शब्द मात्र पुसले जातात.

प्रश्न : जिम रीव्ह्‌ज आणि पॅट्सी क्लाइन यांचं युगुलगीत ऐकलं. ते दोघं एकत्र कधी गायले?

उत्तर : त्यांनी एकत्र ध्वनिमुद्रण केलंच नाही. क्लाइन ५ मार्च १९६३ रोजी विमान अपघातात गेल्या, रीव्ह्‌ज ३१ जुलै १९६४ रोजी तशाच अपघातात गेले. तुम्ही ऐकलेलं 'हॅव यू एव्हर बीन लोन्ली' १९८१ मधलं आहे. दोघांच्या वेगवेगळ्या ध्वनिफितींवरचे आवाज वेगळे काढून नव्या साथीवर बसवले आहेत. काम सफाईचं आहे, पण कान देऊन ऐकलं तर एकाच्या श्वासाला दुसऱ्याचा प्रतिसाद नाही हे कळतं. दोघांची मूळ एकल गाणी आधी ऐका.

असाच प्रकार हँक विल्यम्स यांच्या बाबतीत झाला. १९६० च्या दशकात एमजीएम या तबकड्यांच्या कंपनीने त्यांच्या जुन्या मुद्रणांवर व्हायोलिनांचा ताफा चढवला, आणि मोनो मुद्रणं 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' करूनही विकली गेली. आवाज एका कानात पातळ, दुसऱ्यात घुमणारा आणि मधे पोकळी असं ऐकू आलं, तर तीच ही आवृत्ती. मोनो घ्या.

प्रश्न : 'वाइल्डवुड फ्लॉवर'मध्ये मेबेल कार्टर एकाच गिटारवर चाल आणि ठेका दोन्ही कसं धरतात? मला कॉर्ड येतात, पण मी वाजवलं की चाल ऐकूच येत नाही.

उत्तर : १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि मेबेल यांचं पहिलं मुद्रण केलं. त्याच मुक्कामात गायक जिमी रॉजर्स यांचंही पहिलं मुद्रण झालं. 'वाइल्डवुड फ्लॉवर' पुढच्या वर्षीचं. मेबेल यांनी नेहमीची वाटणी उलटी केली, म्हणजे चाल जाड तारांवर अंगठ्याने आणि ठेका पातळ तारांवर तर्जनीने. या हाताला 'कार्टर स्क्रॅच' म्हणतात. लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाकडून कार्टर मंडळींनी गाणी आणि वाजवण्याच्या खुब्या घेतल्या, हेही इथे सांगायला हवं.

सी कॉर्ड धरा. सी हा सा मानला तर सप्तक पहिल्या तीन पडद्यांत सापडतं. पाचवी तार तिसरा पडदा सा, चौथी मोकळी रे, चौथी दुसरा पडदा ग, चौथी तिसरा पडदा म, तिसरी मोकळी प, तिसरी दुसरा पडदा ध, दुसरी मोकळी नी आणि दुसरी पहिला पडदा वरचा सा. सरळ चालीला एवढं पुरतं.

आता उजवा हात. चार मात्रा धरा. पहिलीवर अंगठा एक जाड तार वाजवतो. दुसरीवर तर्जनीच्या नखाची पाठ पातळ तीन तारांवरून खाली घसरते आणि अर्ध्या मात्रेवर तीच तर्जनी वर येते. तिसरीवर पुन्हा अंगठा, चौथीवर पुन्हा तर्जनी खाली-वर. पहिले काही दिवस चाल नकोच. मेट्रोनोम ६० वर ठेवून अंगठ्याने फक्त सा आणि चौथ्या तारेवरचा ग आलटून पालटून वाजवा. मग तर्जनी थांबवून नुसती चाल बसवा. दोन्ही स्वतंत्रपणे न बघता आले की जोडा.

तुमची चाल बुडते याची कारणं बहुधा दोन आहेत. तर्जनी सहाही तारांवरून फिरते, म्हणून ठेका चालीवर चढतो. ती पहिल्या तीन तारांपुरती ठेवा आणि मनगट न हलवता बोटच हलवा. दुसरं, चालीतला सूर गाठायला तुम्ही अख्खा कॉर्ड सोडता, मग मागचा नाद तुटतो. दुसऱ्या तारेवरची डाव्या हाताची तर्जनी शक्य तितका वेळ जागेवर ठेवा आणि 'म'ला करंगळी वापरा. अंगठ्यात प्लास्टिकचा थंब पिक घातला की फरक लगेच कळेल. चौथ्या तारेवर रे मोकळा वाजवून लगेच दुसऱ्या पडद्यावर बोट आपटा, म्हणजे एका झटक्यात रे-ग निघतो. मेबेल यांच्या वादनाचा गोडवा बराचसा या आपटण्यात आहे. गळ्याला पट्टी खाली पडत असेल तर मांडणी बदलू नका, कापो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबणारा चिमटा) लावा. दुसऱ्या पडद्यावर डी, पाचव्यावर एफ.

प्रश्न : जॉनी कॅश 'आय वॉक द लाइन'मध्ये प्रत्येक कडव्याआधी हुंकार का भरतात? आणि ड्रम नसताना ड्रमसारखं काय वाजतं?

उत्तर : पट्टी पकडण्यासाठी. हे गाणं कडव्यागणिक पट्टी बदलतं. गिटारवर ई, मग ए, मग डी, पुन्हा ए आणि शेवटी ई. शेवटच्या कडव्यात पहिलंच कडवं परत येतं, पण पूर्ण एक सप्तक खाली. मधल्या थोड्या वेळात नवा सा गळ्यात बसवायचा, म्हणून तो हुंकार. तो तसाच राहिला आणि गाण्याची ओळख झाला. तुम्ही गाताना तो सजावट म्हणून भरू नका, खरंच पुढच्या कडव्याचा पहिला सूर त्यात शोधा. आणि सुरुवातीची पट्टी ठरवण्याआधी शेवटचं कडवं गाऊन बघा. बहुतेक लोक पहिलं कडवं सोयीचं धरतात आणि शेवटच्याला आवाज तळाखाली जातो.

ड्रमसारखं वाजतं ते कागदामुळे. १९५६ मध्ये मेंफिसच्या सन स्टुडिओत कॅश, विजेच्या गिटारवर ल्यूथर पर्किन्स आणि बासवर मार्शल ग्रँट, एवढीच माणसं होती. कॅश यांनी आपल्या गिटारच्या तारांत कागद अडकवला. करून बघायचं तर साध्या कागदाची दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी दुमडा आणि एका तारेवरून, दुसऱ्या तारेखालून अशी विणत न्या. जाड पुठ्ठ्याने तारा मुक्या होतात, फार पातळ कागद दोन गाण्यांत फाटतो. कागद आधी ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या पेटीवर टेकतात तिथे, ठेवून बघा, तिथे तार कमी हलते म्हणून सूर थोडा शिल्लक राहतो. जसजशी तारेच्या मध्याकडे सरकवाल तसतसा सूर मरतो आणि नुसती खरखर उरते. हवी ती जागा कानाने ठरवा. पर्किन्स यांचा भागही नेमका वाजवा: जाड तारा तळहाताच्या कडेने ब्रिजपाशी हलक्या दाबून एकेक सूर सोडायचा. त्यांनी सूर फार थोडे वापरले. त्यात भर घातलीत तर गाणं बिघडेल.

प्रश्न : हँक विल्यम्स यांच्या जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे) आणि इतरांच्या ४५ च्या तबकड्या मिळाल्या आहेत. संगणकावर उतरवायच्या आहेत. खूप खरखरतात. स्पिरिटने पुसल्या तर चालतील का?

उत्तर : ७८ ला स्पिरिट किंवा कोणतंही अल्कोहोल लावू नका. या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकदा पुसलं की खाचांच्या कडा गेल्या, त्या परत येत नाहीत. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब घाला, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवा. व्हिनाइलच्या ४५ लाही हेच पुरतं. ठेवताना सगळ्या उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत लाख तडकते.

खरखर मात्र मळामुळेच असेल असं नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची, म्हणजे ३३ च्या मोठ्या तबकडीची, सुई १८ ते २५ मायक्रॉनची. ती ७८ च्या खाचेत तळाशी जाऊन बसते, तिथे साठलेला कचरा वाजवते आणि भिंतींवरचं गाणं अर्धवटच उचलते. सुई बदलल्यावर निम्मी तक्रार संपल्याचं दिसेल. सुईचा भार कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने सांगितला असेल तेवढाच द्या. फार हलकी सुई खाचेत उसळते आणि जास्त झीज करते. अमेरिकन ४५ च्या मधलं मोठं छिद्र ३८ मिलिमीटरचं असतं, त्याचा अडॅप्टर नीट मध्यावर बसला आहे ना ते पाहा. किंचित सरकला तरी पियानो आणि स्टील गिटार लाटेसारखे वरखाली होतात.

दोन्ही बाजूंचा सिग्नल स्टिरिओतच २४ बिटवर घ्या, सर्वांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. मग दोन्ही बाजू मिळवून मोनो करा. मोनो तबकडीत गाणं सुईच्या आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीत फक्त आवाजाचा कचरा असतो आणि तो मिळवणीत एकमेकांना खोडतो. यंत्राला ७८ ची गती नसेल तर ४५ वर उतरवून १.७३ पट वेग वाढवता येतो, पण फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) खालच्या-वरच्या सुरांचा जो तोल साधतो तो चुकीच्या कंपनांवर लागतो, म्हणून नंतर खालचे-वरचे सूर हाताने सावरावे लागतील. खरखर काढणारी सॉफ्टवेअर अगदी हलक्या हाताने वापरा. 'स' आणि 'ट' बोथट झाले की थांबा. हँक यांचे शब्द त्या कडांवरच उभे आहेत.

प्रश्न : मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी'मध्ये मधेच गुरगुर येते. माझी तबकडी खराब आहे का?

उत्तर : तबकडी ठीक आहे. नॅशव्हिलच्या क्वॉन्सेट हट स्टुडिओत हे मुद्रण चालू असताना मिक्सिंगच्या टेबलातली एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा सूर फाटून आला. तो तसाच ठेवला. १९६१ मध्ये गाणं गाजलं, इतरांनाही तो आवाज हवासा झाला. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मुद्दाम सूर फाडणारी पेटी बनवली आणि ती गिब्सन कंपनीने बाजारात आणली. फझ पेडल म्हणतात ते हेच.

प्रश्न : किटी वेल्स यांचं 'इट वॉजन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स' आणि हँक थॉम्प्सन यांचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' यांची चाल एकच आहे. चोरी म्हणायची का?

उत्तर : चाल दोघांचीही नव्हती. कार्टर मंडळींनी १९२९ मध्ये 'आय एम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज' मुद्रित केलं ते याच चालीवर, आणि १९३६ मध्ये रॉय एकफ यांनी 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' हे धार्मिक गीतही तिच्यावरच गायलं. वेल्स यांच्या बाबतीत तीच चाल असणं गरजेचंच होतं. थॉम्प्सन यांच्या गाण्यात संसार मोडल्याचा दोष बाईवर आहे. वेल्स यांचं गाणं त्याला उत्तर आहे, की बायका बिघडतात त्यामागे बऱ्याचदा पुरुषच असतात. त्याच चालीत दिलेलं उत्तर ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. जे. डी. मिलर यांनी लिहिलेलं हे गाणं १९५२ मध्ये काही काळ रेडिओवर अडवलं गेलं, तरीही बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. एकट्या गायिकेने तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. चारही गाणी लागोपाठ ऐका, फक्त ठेका आणि उच्चार बदलल्याने तीच चाल विरह, भक्ती, तक्रार आणि जबाब कशी होते ते समजेल.

प्रश्न : या गाण्यांत जे वाद्य रडल्यासारखं वाजतं, ते कोणतं?

उत्तर : स्टील गिटार. पण दोन प्रकार वेगळे ओळखा. हँक विल्यम्स यांच्या मागे डॉन हेल्म्स वाजवतात ती बिनपेडलची. तारांवर धातूचा दांडा सरकवायचा, सगळे सूर एकत्र वर किंवा खाली जातात, म्हणजे सरळ मींड. १९५४ मध्ये वेब पिअर्स यांच्या 'स्लोली'त बड आयझॅक्स यांनी पेडल दाबून सूर वाकवला आणि पुढे सगळ्यांना तेच हवं झालं. पेडलमध्ये गंमत अशी की कॉर्डमधला एखादाच सूर सरकतो आणि बाकीचे जागेवर थांबतात. नेहमीच्या ई-नाइन जुळणीत पाचवी तार बी, सहावी जी शार्प, चौथी ई असते. ए आणि बी नावाची दोन पेडल दाबली की बी चा सी शार्प आणि जी शार्पचा ए होतो, ई हलत नाही. दांडा न हलवता ई चा कॉर्ड ए चा झाला. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर असतो. तार छेडताना तो कमी आणि सूर विझू लागला की हळूहळू जास्त. शिकणारे नेमकं उलटं करतात, छेडतानाच पेडल पूर्ण दाबतात, मग सूर लांबवायला काही शिल्लकच राहत नाही.

प्रश्न : मला 'युअर चीटिन हार्ट' गायचं आहे, पण मूळ पट्टी बाईच्या गळ्याला बसत नाही. कॉर्ड कसे बदलायचे?

उत्तर : आकड्यांत विचार करा. नॅशव्हिलमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत काढली आणि पुढे वादक चार्ली मॅकॉय यांनी ती वादकांत रुजवली. सा चा कॉर्ड १, म चा ४, प चा ५. हँक यांची पट्टी सी, म्हणून १ सी, ४ एफ, ५ जी सेव्हन. तुम्हाला जी सोयीची असेल तर १ जी, ४ सी, ५ डी सेव्हन. मधल्या भागात, जिथे चाल वर चढते, तिथे २ येतो, आणि घोळ इथेच होतो. सप्तकाच्या हिशोबाने २ हा मायनर असायला हवा, म्हणून सवयीने तो मायनर वाजवला जातो. इथे तो डॉमिनंट सेव्हन्थ आहे, म्हणजे मेजर कॉर्डला सेव्हन जोडलेला. सी पट्टीत डी सेव्हन, जी पट्टीत ए सेव्हन. त्यात तीव्र मध्यम आहे, तो ५ कडे ओढतो, आणि त्या ओढीवरच मधला भाग उभा आहे. मायनर वाजवलात तर गाणं तिथे मऊ पडतं आणि पुढचं कडवं उचलत नाही.

प्रश्न : पॅट्सी क्लाइन यांचं 'क्रेझी' तालात म्हणते तरी सपाट वाटतं.

उत्तर : तालात म्हणता म्हणूनच. १९६१ च्या जूनमध्ये मोटार अपघातात क्लाइन यांना मोठी इजा झाली होती. ऑगस्टमध्ये निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी साथ मुद्रित केली, पण बरगड्यांच्या दुखण्यामुळे वरचे सूर लागेनात. नंतर परत येऊन क्लाइन यांनी तयार साथीवर आवाज दिला. साथ आधीच पक्की असल्याने त्या तिच्यावर निश्चिंतपणे रेलतात. बासवर हाताने मात्रा धरा आणि शब्द कुठे सुरू होतो ते कागदावर खुणा करत ऐका. बऱ्याच ओळी मात्रेनंतर सुरू होतात आणि शेवटाकडे घाई न करता जागेवर पोचतात. तुम्ही आधी साथीवर ओळ नुसती बोला, थोडी उशिरा, जसं आपल्याला पटत नसलेलं कबूल करताना माणूस अडखळतो तसं. पहिल्या शब्दातली वरून खाली येणारी उडी मींडेने जोडू नका, दोन्ही सूर स्वच्छ ठेवा. आणि विली नेल्सन यांनी, म्हणजे ज्यांनी हे गाणं लिहिलं त्यांनी, स्वतः गायलेलं ऐका. ते याहूनही मागे रेलतात.